गेमच्या डब्बीतला झीलकरी

कोहमाऱ्याच्या चौकात माझं दुकान होतं, तेव्हा बिघडलेल्या टेपसाठी ट्रकवाले माझ्याकडेच थांबत. मुके झालेले हॉर्नही मीच बोलते करायचो. शाळा चौथीपर्यंत, पण मुका डबा माझ्या हातून मुका परत गेला, असं कोणी सांगू शकत नाही. आता दुकान बंद आहे, अवजारं घरच्या ओसरीवर आहेत. स्वभाव तेवढा जागच्या जागी आहे, असं आमची बुढी म्हणते.

यंदा दिवाळीत नात नागपूरहून आली ती एक जुनी गेम घेऊन. तिच्या बापानं लहानपणी खेळलेली. हातात मावणारी, राखाडी, विटेसारखी जाड. पोरगी तिच्यावर खेळत नव्हती, गाणी वाजवून राहिली होती.

"आबाजी, हिच्यात चारच आवाज हायेत," ती म्हणाली. "त्यातला एक त नुसता सर्र करते. मले आनखी पायजेत."

तिनं पिशवीतून दोन काळ्या चिपा काढल्या, गोमीसारखे पाय असलेल्या. या आत बसवल्या की आवाज वाढणार होते.

आणि आवाजांची गरज गावालाही होती. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, तिच्यात दुपारी खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, उभी राहते. शाहीर ओळ म्हणतो आणि मागचे दोघं तीच ओळ उचलून लांबवतात. त्या मागच्यांना झीलकरी म्हणतात. यंदा दोन्ही झीलकरी कामाला हैदराबादला गेलेले, ते आलेच नाहीत. शाहीर म्हणजे माझा लहानपणचा सोबती. त्यानं पानठेल्यावर सांगून टाकलं, झील नाही तर गंमत नाही. नात म्हणाली, झील ही गेम देईल. लोक हसले. मला हसलेलं चालत नाही.

"देईल म्हंजे देईलच," मी म्हटलं. "मी हाय न."

झालं. मंडई परवावर आलेली आणि गावची गंमत माझ्या शब्दावर टांगलेली.

सकाळीच डाग द्यायची सळई, आमची कैया, तापवली, गेमचं पोट उघडलं आणि चिपांना डाग द्यायला बसलो. नात बाजूला कागदावरचं चित्र धरून.

"आबाजी, या चिपायले ठोका लागते. तो ठोका गेममधूनच घ्याचा. इथून इथवर एक तार."

तो ठोका म्हणजे चिपेची नाडी. नाडी जशी चालेल तसा सूर चढतो, उतरतो. ठोका देणारा चकचकीत डबीतला क्रिस्टल माझ्या डब्यात होताच, जपून ठेवलेला, चांगला. दुसऱ्याच्या घरून कायले मागायचा?

"गेमचा ठोका गेमले, चिपायचा चिपायले," मी म्हटलं. "तू चाय सांग."

"पन आबाजी..."

"शक्कर कमी."

दुपारी शाहीर आला, अंगणात उभा राहिला, कानावर हात ठेवून ओळ घेतली. नातीनं बटण दाबलं. गेमचे जुने आवाज त्याच्या सुराला बरोबर लागले आणि मागून माझ्या चिपांनी झील उचलली. एवढी मोठी, एवढी भरीव, की मी मिशीवरून हात फिरवला. मग कुत्रं रडायला लागलं.

शाहीर थांबला. "काऊन गा, हा झीलकरी मोहाची पिऊन आला का?"

"सेल उतरले असन."

"सेल नाई, सूर. मी इथं, हा तिथं. वर चढून बसला हाय."

"तुहाच गळा म्हातारा झाला!"

नातीनं चित्राचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्यावर चहाची कपबशी ठेवली. ते जास्त लागलं.

शाहीर मात्र बोलायला कमी करत नाही. "तुले गंमतीतून काऊन काढलं होतं, याद हाय न? मी गावो काळी दोनमध्ये, तू झील दे काळी चारमध्ये. म्हने, माहा सूर मोकळा हाय."

मला काढलं नव्हतं. मी सोडली होती. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. बुढी दारातून म्हणाली, "होव, होव, सोडली होती. आता ते डब्बं दुरुस्त करा."

शाहिरानं पुन्हा ओळ घेतली, या वेळी बिनासाथीची, आणि मला हातानं खूण केली. मी बसल्या बसल्या झील दिली. त्याच्याच सुरात, कारण दुसरा सूर तिथं नव्हताच. बरी लागली. मी गेमकडे पाहिलं, क्रिस्टलकडे पाहिलं, आणि कोणाला न सांगता कैया पुन्हा तापत ठेवली.

आपल्याच चालीनं, गेमहून जलद चालणारा क्रिस्टल काढून परत डब्यात टाकला. जुन्या टेपच्या हेडमधून तार उकलली, केसाहून बारीक. गेममधली ठोक्याची जागा मोहरीपेक्षा लहान, आणि तिच्या शेजारी दुसऱ्याच कामाची तशीच जागा. डाग तिकडे सांडला असता तर गेम मेली, झीलही मेली. धानाच्या पोत्यावर कोपर टेकवलं, श्वास धरला, कैया टेकवली, उचलली.

"लागली का जी?" नातीनं विचारलं.

"पाहून घे."

तिनं बटण दाबलं. कुत्रं झोपूनच राहिलं.

मंडईत धूळ, भजी, आकाशपाळणा, आणि ट्रकवाल्यांचीही गर्दी. गेमची वायर मी स्वतः भोंग्याला जोडली. शाहिरानं ओळ टाकली, ढोलकी पडली, आणि नातीच्या हातातून झील उठली. चिपा त्याच्या मागे मागे, तो वळला तिकडे वळत. म्हाताऱ्या बायका कोण गाऊन राहिलं म्हणून मंचामागे डोकावून आल्या. पानठेल्यावर हसलेले पुढच्या रांगेत माना हलवत होते. मी त्यांना चांगलं मोजून पाहिलं.

गंमत संपल्यावर शाहीर घाम पुसत खाली उतरला आणि गेम हातात घेऊन उलटीपालटी केली.

"साधला का झीलकरी?" मी विचारलं.

"साधला," तो म्हणाला. "आयकते बिचारा. बनवनाऱ्यावर नाई गेला."

क्रिस्टल अजून माझ्या डब्यात आहे. त्याच्यात खोट काहीच नव्हती.