एरंडेल पाजलेला क्लच

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हे मी मोर्शीच्या पारावर बसून इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं आहे, की खालची हकीकत तिथे सांगायची सोय उरलेली नाही. म्हणून इथे लिहितो. वाचकांपैकी कोणाला मोटारीतलं कळत असेल आणि त्यानं मला मूर्ख ठरवलं, तर मी त्याचे आभारच मानीन. मूर्ख ठरायची मला सवय आहे. कोड्यात पडायची नाही.

आम्ही माळी. मोर्शीपासून दीड मैलावर संत्र्यांची बाग, दोन विहिरी, दोन्हींवर चामड्याची मोट. तीन वर्षांपूर्वी मी अकोल्याच्या एका वकिलांकडून जुनी मोटार घेतली. विलायती बनावटीची, वर कापडी टप, बाजूला रबरी भोंगा. वकीलसाहेब म्हणाले, "आमचा पुंडलिक ड्रायव्हर वारला. अकरा वर्षं त्यानंच चालवली. दुसऱ्याच्या पायाले ती ऐकत नाही." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष भोंग्याकडे होतं. गाडीबरोबर मी तपकिरी बूटही घेतले. मोटारवाल्यानं अनवाणी फिरणं बरं दिसत नाही, असं माझं तेव्हाचं मत.

यंदा पौषात क्लचनं छळायला सुरुवात केली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो – डावीकडचं पेडल दाबलं की इंजिन चाकांपासून सुटतं, पाय उचलला की पुन्हा धरतं. हे धरणं हळूच व्हायला हवं. आमचा क्लच गचकन धरायचा, आणि गाडी गोमाशी चावलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी घ्यायची. "तुमी गाडी चालवून राहिले का कुदवून राहिले?" आमच्या मंडळीनं, म्हणजे बायकोनं, मागच्या सीटवरून सांडलेली संत्री गोळा करता करता विचारलं.

मी पायाखालची फळी काढून तपासणी केली. पेडलाची मोकळी हालचाल बोटभर, म्हणजे ठीक. दांडी सरळ. स्प्रिंग शाबूत. राहिलं ते चामडं. या जुन्या गाड्यांच्या क्लचमध्ये नरसाळ्यासारखा एक लोखंडी भाग असतो, त्याच्यावर चामड्याचा पट्टा बसवलेला. आमचा पट्टा वाळून इतका कडक झाला होता की नखानं टकटक वाजायचा. निदान बरोबर होतं, हे पुढे मिस्त्रीनंही कबूल केलं. घात उपचारात झाला.

कारण चामड्यातलं आपल्याला कळतं, असा माझा समज. मोट वाळली की आम्ही काय करतो? एरंडेल. तेही थेंबानं नाही. चामडं पीत राहील तोवर पाजायचं. मी पेडल दाबून त्याला सीटच्या कडेशी काठी अडकवली, म्हणजे आत फट उघडी राहते, आणि वाटीभर एरंडेल ओतलं. चामड्यानं पिऊन टाकलं. मग दुसरी वाटी.

"बाळंतिणीलेही एवढं देत नाई कोणी," मंडळी म्हणाली.

"तुले मोटारीतलं काय समजते."

काठी रात्रभर तशीच ठेवली.

आमच्या सात वर्षांच्या शेवंतीचा घसा दोन दिवस दुखत होता. सकाळी पाहतो तर घशात पांढुरका पडदा, आणि श्वासाला शीळ. गावातल्या डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून पाहिलं. "घटसर्प हाये. याची सुई माझ्यापाशी नाई. अमरावतीले न्या... आत्ताच न्या." अमरावतीला जाणारी सर्व्हिस मोटार सातलाच निघून गेली होती. बैलगाडीनं संध्याकाळ झाली असती. मी बूट चढवले आणि मोटार काढली.

सपाटीवर क्लच लोण्यासारखा वागला. मी कौतुकाच्या आशेनं मंडळीकडे पाहिलंसुद्धा. ती माझ्या शेजारी, पोरीचं डोकं मांडीवर माझ्या बाजूला घेऊन बसलेली. तिची नजर पोरीच्या छातीवरून हलत नव्हती.

माहुलीच्या अलीकडे एक कोरडा नाला लागला. उतरलो. समोरच्या चढावर इंजिन एकदम बोंबललं आणि गाडी मात्र जागीच राहिली. मग मागे सरकू लागली. मी ब्रेक ओढला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फळीखालून करपलेल्या एरंडेलाचा वास आला, तेव्हा मला सगळं समजलं.

"अवो, काहून थांबली?"

"क्लच धरत नाई."

"मंग धरवा ना."

"तेल... जास्त झालं."

तिनं पोरीचं डोकं मांडीवर जरा उंच घेतलं. त्या तेलाबद्दल ती आजवर एका शब्दानं बोललेली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आसपास माणूस नाही, जनावर नाही. पोरीची शीळ तेवढी ऐकू येत होती, आणि दोन शिळांमधलं अंतर वाढत होतं. मी मनात मैल मोजले. तिला उचलून पळत गेलो असतो तर किती पोचलो असतो, तेही मोजलं.

चौथ्यांदा गिअर टाकला. पेडल सोडून दिलं होतं, बूट नुसता वर टेकलेला. आणि बुटाखालचं पेडल वर आलं. वासराच्या डोक्यावर हात ठेवावा आणि त्यानं तो मान वर करून रेटावा, तसं. क्लचनं धरलं. गाडी चढ चढली.

मला पाय काढायचा धीर होईना. गिअर बदलायचा तेव्हा पेडल दाबावंच लागे. ते निमूट खाली जाई. मी सोडलं की पुन्हा खालून तो रेटा. अमरावतीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत.

सुई मिळाली. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत थांबले असते तर..." आणि वाक्य तिथेच सोडून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी रज्जाक मिस्त्रींकडे नेऊ गेलो, तर ती दवाखान्याच्या दारातून हलेना. शेवटी चार माणसांनी ढकलत नेली. मिस्त्रींनी क्लच खोलला. तेल टपटप गळत होतं.

"भाऊ, ही मोर्शीहूनही ढकलतच आणली का?"

"चालवत आणली."

"मुलतानी मिट्टी टाकली होती? ती तेल पिते."

असा काही उपाय असतो, हेच मला तेव्हा कळलं. मिस्त्री पेडलाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवत म्हणाले, "हे पाहा, कसं गुळगुळीत झालं. पुराने ड्रायव्हर चढावर पेडलाखाली पाय घालून वर उचलत, म्हणजे क्लच जरा घट्ट बसे. पण ते चार पावलांपुरतं. अमरावतीपर्यंत कोण उचलंल?"

मी बुटाचं टोक पेडलाखाली घालून पाहिलं. शिरलंच नाही.

चौथ्या दिवशी शेवंतीला आवाज फुटला. पाणी मागितलं, मग गूळ मागितला, आणि मग म्हणाली, "बाबा, थो पाय कोनाचा होता?"

"कोणता पाय?"

"तुमच्या बुटाखाली. उघडा. अंगठ्याले काळा दोरा होता."

ताप, मी म्हटलं. ताप डोक्यात चढला की पोरं काहीही पाहतात. असं म्हणून मी पंधरा दिवस काढले आणि सोळाव्या दिवशी संत्र्यांची पाटी घेऊन अकोल्याची गाडी पकडली. वकीलसाहेबांनी पुंडलिकचं घर दाखवलं. त्याची बायको दारात सुपात डाळ पाखडत होती. आडून विचारायचं ठरवलं होतं, पण मला आडून काही जमत नाही.

"वहिनी, पुंडलिकभाऊ चप्पल घालून गाडी चालवत का?"

"नाई बाप्पा. चपलेत पेडल समजत नाई म्हणत."

"पायाच्या अंगठ्याले काही बांधत होते?"

तिचं सूप थांबलं. "काळा दोरा. बेंबी सरकून पोट दुखायचं त्याइचं, म्हणून मीच बांधून देत होती. स्मशानात नेलं तवाही सोडला नाई कोणी." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमी गाडीवाले ना? क्लच धरते ना नीट? लय घोर होता त्याइले त्याचा."

"धरते," मी म्हटलं. पाटी ठेवली आणि निघालो.

मी पुष्कळ विचार केला. वाटेतली धूळ आत जाऊन तिनं तेल शोषलं म्हणावं, तर मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत ते गळत होतं. मीच घाबरून पाय घातला म्हणावं, तर बूट शिरत नाही. पोरीला कोणी सांगितलं म्हणावं, तर दोऱ्याचं मोर्शीत कोणाला ठाऊकच नव्हतं. पुढे मला वाट नाही.

नवं चामडं बसवलं आहे, क्लच उत्तम धरतो. तरी मी हल्ली गाडीत उजव्याच पायात बूट घालतो. पारावरचे लोक हसतात. डाव्या पायाला चिखल्या झाल्या म्हणून सांगितलं आहे. आणि माहुलीचा नाला आला, की आमची मंडळी माझ्या डाव्या पायाकडे पाहते, आणि मी तो पेडलावरून जरासा बाजूला सरकवतो.