बियाणं विकून घ्यायची कंपनी

पेरणीच्या तोंडावर माझ्या मोठ्या भावाला अचानक कम्प्युटरचा कळवळा आला. कारंजाच्या एका सल्लागाराने चहा पाजून त्याला सांगितलं होतं, की जगातली सगळी माहिती कुठेतरी साठवावीच लागणार. तेव्हा डिस्क बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचे शेअर घ्या आणि दहा वर्षं विसरून जा. आमच्या रिठदमध्ये सोयाबीन ठेवायला धड गोदाम नाही. ते व्हावं म्हणून पत्रकं वाटून माझ्या चपला झिजल्या. पण लोकांच्या फोनमधल्या ‘सुप्रभात’च्या फुलांना पक्कं घर मिळणार, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तो आनंद टिकला नाही, कारण शेअरसाठी दादा घरचं बियाणं विकायला निघाला.

“मंग पेरशीन काय?” मी विचारलं.

“तू पत्रकं पेर. कंपनी कुठं पोचन, तुले काय समजते!”

वहिनी ओसरीवर ओलं गोणपाट उलगडत होती. आमच्याकडे पेरणीआधी मूठभर दाणे त्यात गुंडाळून ठेवतात आणि ते उगवले, तरच बियाणं खरं मानतात. दाणे छान फुटले होते. तिने गोणपाट दादापुढे धरलं.

“यानं चार दिवसांत सांगतलं. तुमच्या सल्लागाराले दहा वर्षं कायले पाह्यजेत?”

दादाने तिथूनच सल्लागाराला फोन लावला. “साहेब, नाही वाढली कंपनी तं?”

“जोखीम तुमची,” उत्तर आलं.

दादाने बियाण्याचं पोतं आत नेलं. कंपनीचं भविष्य उज्ज्वल असेलही; त्यासाठी आमचं वावर पडीक कशाला?