सगुणेच्या गालाचं माप

लाकडाच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी माझी बायको सगुणा बसली आणि मी मागं सागाच्या ओंडक्यांवर. दिवाळी होऊन नदीचं पाणी ओसरलं होतं, अहेरीहून बल्लारशाला जाणारी ती हंगामातली दुसरीच लॉरी. आई फळीला धरून उभी होती. "बाबू, तिले संगं घेऊनच येजो," एवढंच म्हणाली. तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. आता तो मुंबई राज्यात आहे आणि आम्ही बल्लारशात. गावी राहिलेले आणि गाव सोडलेले, दोघंही विचारतात की परत का आला नाहीत. म्हणून घडलं तसं लिहितो.

मी गावाजवळच्या लाकडाच्या डेपोत ओंडके मोजून त्यांवर हातोड्यानं शिक्का मारत असे. महाशिवरात्रीच्या सुमारास सगुणेच्या डाव्या गालावर, डोळ्याखाली दोन बोटं, चण्याच्या डाळीएवढा फोड आला. दुखत नव्हता, बराही होत नव्हता. खपली धरायची, पडायची. दर अमावस्येला मी बांबूची बारीक काडी त्यावर आडवी धरून तेवढीच कापायचो आणि काडेपेटीत ठेवायचो.

"मी का सागवान आहो?" सगुणा म्हणायची. "हातोड्याचा शिक्का कुठी मारता तेही सांगून ठेवा."

इंचाचे आठ सूत. पहिली काडी दोन सुताची होती, भादव्यातली आठवी सहा सुतांची. ती पाहून आईचा धीर सुटला. तिनं बिब्बा तापवून त्याचं तेल फोडावर लावलं. गाल डोळ्यापासून जबड्यापर्यंत उतला, मग काळा पडला. त्यात फोड कुठं होता ते शोधूनही दिसेना. रस्ता उघडला तसे आम्ही निघालो.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत सगुणा म्हणाली, "चुलीवरचा उकळत्या पाण्याचा गंज उलंडला जी." त्यांनी काळ्या कातडीचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी म्हणाले, ही भाजल्याची जखम आहे, कॅन्सर नाही, मलम लावा आणि घरी जा.

सगुणा व्हरांड्यात गाठोडं बांधायला बसली. मला आनंद व्हायला हवा होता. पण भाजलेलं आठ महिने वाढत नाही आणि माझी मापं बिब्ब्याच्या आधीची होती. मी तिला म्हटलं, खरं सांगून येतो.

"तुमच्या आईचं नाव इथी काऊन काढता? डॉक्टर तिले काय म्हणन?"

"आई इथी नाई."

"मी आहो ना आयकाले."

तरी मी आत गेलो. आठ काड्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि बिब्ब्याचं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. आपली पट्टी काढून त्यांनी एकेक काडी मोजली. मग सगुणेला बोलावून मला म्हणाले, आठवी काडी कुठून कुठवर होती, बोट ठेवून दाखवा. मी बोट ठेवलं, जागा चुकली नाही. दुसरा तुकडा त्यांनी तिथून घेतला. त्यात कॅन्सर निघाला. मलम लावत वर्षभर बसला असतात तर डोळा गेला असता, म्हणाले.

फोड भोवतीच्या चांगल्या मांसासकट काढला आणि कपाळाची कातडी खाली वळवून गालावर शिवली. तीन आठवडे कपाळापासून गालापर्यंत कातडीची एक पट्टी लोंबत होती. गालावर जीव धरल्यावर ती कापली. सगुणेनं आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं. "कपाळच खाली आलं," म्हणाली. "कुंकू आता गालाले लावू का?" मी तिथं रडलो, ती नाही.

दर दोन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं आणि पावसाळ्यात अहेरीचा रस्ता बंद. बल्लारशाला आगगाडी आहे, म्हणून मी तिथल्या डेपोत काम धरलं.

पुढच्या पोळ्याला आम्ही कसंबसं गावी गेलो. गल्लीतल्या बाया सगुणेकडे पाहत आणि डोळ्याला पदर लावत. "कशी होती व तू." आई तिच्या तोंडाकडे बघेचना, नुसता भात वाढत राहिली. शेवटी म्हणाली, "मीच जाळलं तुले."

"जाळलं नसतं त गेलोच नसतो, आत्या," सगुणा म्हणाली. "एवढ्याशा फोडासाठी कोण जाते नागपूरले?"

आईनं मग मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. आता भात कापून झाला की ती आमच्याकडे येते आणि होळीपर्यंत राहते.

यंदा डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा आलात तरी चालेल. गावाजवळच्या डेपोत माझी जागा रिकामी आहे. मी सगुणेला विचारलं, जायचं का?

"तिथी सारे माहं जुनं तोंड शोधतात," ती म्हणाली. "इथी माहं हेच तोंड हाय."

मी अर्ज केला नाही. पाण्यानं भरलेली धानाची बांधी आठवते, नदीही आठवते, पण घर म्हटलं की आता इथला नळ डोळ्यापुढं येतो. सकाळी सगुणा तिथं बायांमध्ये उभी असते आणि बाया तिला विचारतात, आज काय रांधलं.