इथलं इथेच

बी.ए.ला माझा मुख्य विषय मराठी होता आणि जोडविषय म्हणून मी समुपदेशन घेतलं. आवड होती म्हणून नव्हे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजात तो विषय नवा होता, त्याचे तास सकाळी असत आणि दुपारी जेवायला घरी पोचता येई. वडिलांना विषयाचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लोकांच्या घरातल्या भानगडी ऐकायच्या आणि वर त्याचे मार्क मिळवायचे?" मला त्यांचं म्हणणं पटलं. आमच्या घरात कुणीच कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. दूधवाला हसून बोलला की त्या दिवशी आई दूध जरा जास्तच न्याहाळायची.

शिकवणाऱ्या मॅडम फार हळू बोलत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "इथे जे बोललं जाईल, ते इथेच राहील." मी वर्गावर नजर फिरवली. पुढच्या बाकावरची एक माझ्या मावशीच्या शेजारची होती, खिडकीपाशी बसलेल्याचा भाऊ वडिलांच्या ऑफिसात होता. नाशिकात तेव्हा एखादी गोष्ट सीबीएसच्या स्टँडवर सिटी बसमध्ये चढली की सातपूरला उतरेपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालेली असायची. आणि म्हणे इथेच राहील.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकं सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. एकाने आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. सल्ला द्यायचा नाही, नुसतं 'हं' म्हणायचं, मग अदलाबदल. माझ्या वाट्याला आली सटाण्याकडची, हॉस्टेलवर राहणारी मुलगी. ती इतकं मन लावून ऐकायची की मला वाटे, हिला कुणीतरी माझ्या पाळतीवर ठेवलंय. हिच्यापुढे खरी अडचण मांडण्याइतकी मी खुळी नव्हते. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणातली एक बाई मी उचलली आणि सांगितलं, मला बंद खोलीत गुदमरतं, छाती धडधडते, कधीकधी शुद्ध हरपेल असं वाटतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेही नाटकच वाटलं.

मग तिची पाळी आली आणि तिने मला खरंच काहीतरी सांगितलं. आपण खोटं बोलून बसलेलो असलो की समोरचं खरं लगेच ओळखू येतं. मी 'हं' म्हणायचंसुद्धा विसरले.

त्याच हिवाळ्यात मला एक स्थळ आलं. मुलगा निफाडकडचा, घरी द्राक्षबाग, स्वतः अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर. बघायला आला तेव्हा त्याने विचारलं, काय वाचता? हे सगळेच विचारतात आणि पोह्यांकडे वळतात. हा माझं उत्तर संपेपर्यंत थांबला. मला तो आवडला. इतका आवडला की मला माझाच संशय आला. पत्रिका जुळली, दोन्ही घरं बोलली, सुपारी फोडायचा दिवस तेवढा ठरायचा होता. आणि मग मध्यस्थांकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

जुळलेली पत्रिका अशी अचानक बिघडते कशी? माझ्या मनात पाल चुकचुकली. आईने मध्यस्थांच्या बायकोला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मुलीच्या तब्येतीचं काहीतरी आहे म्हणे. मुलाच्या आत्याने चौकशी केली." मला साधा तापसुद्धा कधी येत नाही. तरी आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवून ठेवलंय.

तब्येतीची ती गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती. तडक हॉस्टेल गाठलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"त्या आत्याला तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही."

"खोटं बोलू नकोस."

"खरं शे," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी सटाण्याची बोली यायची. "त्या आल्या होत्या, तुझ्या वर्गातली कोण म्हणून विचारत. म्हणाल्या, पोरगी कशी हाय? मी म्हटलं, चांगली आहे. मग म्हणाल्या, तब्येतीचं काय, काही हाय का? मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही, ते गोपनीय असतं. मॅडमनी शिकवलंय तसंच म्हटलं. एक शब्द नाही सांगितला गं मी."

स्थळाच्या चौकशीत 'चांगली आहे' म्हटलं तर बरी, आणि उत्तर द्यायला जरा वेळ लावला तर संपलंच. तिथे गोपनीय म्हणजे थेट दवाखाना. या मुलीने माझं गुपित जिवापाड सांभाळलं होतं, आणि गुपित मुळात नव्हतंच.

"ते सगळं पुस्तकातलं होतं," मी म्हटलं. "मला काहीही होत नाही."

मला वाटलं ती चिडेल. तिने ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मी तुला सांगितलेलं खरं होतं."

"मला माहीत आहे."

पुढच्या प्रात्यक्षिकांत ती मला खानावळीच्या पातळ आमटीबद्दल सांगू लागली, परीक्षेच्या भीतीबद्दल सांगू लागली. तीही आता पुस्तक बघून येत होती.

आईने मुलाकडे खुलासा पाठवला. खुलासा आल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. त्याचं लग्न चांदवडच्या मुलीशी झालं. मी खूप रडले आणि विचारणाऱ्यांना सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

बी.ए. झाल्यावर सटाण्याच्या त्या मुलीचंही लग्न जमत आलं. मालेगावहून मुलाचे काका चौकशीसाठी माझ्याकडे आले. चहा पिता पिता त्यांनी हळूच विचारलं, "मुलीचं मागचं काही?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "काका, सोन्यासारखी मुलगी आहे. लपवण्यासारखं काही नाही." त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला आणि समाधानाने प्यायले. लग्न ठरलं.

वर्गातल्या सगळ्यांना आमंत्रण गेलं, मॅडमनाही गेलं. मला आलं नाही. पोस्टाची चूक असेल, असं आई म्हणाली. पण तिच्या मांडवात तिचं ते खरं ठाऊक असलेलं एकच माणूस आलं असतं, आणि ते मी होते. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण तिच्यावर रागावता येईना. तिच्या जागी मी असते तर मीही बोलावलं नसतं.