नाव न सांगता भाड्याने दिलेलं घर

महाबळेश्वरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली, तेव्हा सांगलीचं घर भाड्याने द्यावं लागलं. नवरा फौजेत, जम्मूला. माधवनगरच्या वाटेवर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. पण आमच्या खानदानातलं पहिलं स्लॅबचं. विटा भिजवायला मी स्वतः पाणी मारलं होतं. आजही त्या घराबद्दल बोलताना माझी मान ताठ होते.

एजंट मोठा गोडबोल्या होता. "ताई, भाडेकरूला मालकाचं नाव कशाला सांगायचं? मी आहे ना मध्ये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आमच्या आडनावावरून बौद्धाचं घर हे कळतं, आणि कळलं की गिऱ्हाईक परत जातं, असा त्याचा अनुभव. मी दवाखान्यात भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. डॉक्टरांनाही सोडत नसे. पण त्या दिवशी गप्प बसले, कारण आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. ते गप्प बसणं पुढे तीन वर्षं खुपत राहिलं.

मग एजंटाने नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला आणि सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. ऑफिसचं शटर बंद, त्यावर कोर्टाची नोटीस. त्याच्याकडे जमा झालेलं माझं काही महिन्यांचं भाडं बुडालं, भाडेकरूचं डिपॉझिटही गेलं.

वकील म्हणाले, "बुडालेल्या भाड्यासाठी कोर्टात अर्ज द्या, मिळेल तेव्हा मिळेल. पण आधी भाडेकरूला लेखी कळवा की घर तुमचं आहे आणि भाडं तुम्हालाच द्यायचं. एजंटाचे घेणेकरी घर त्याचंच समजून दारात बसायच्या आत. आणि डिपॉझिट त्याने तुमच्या वतीने घेतलंय. ते तुमच्या गळ्यात येणार."

डिपॉझिटचं मला एवढं वाटलं नाही. घाम फुटला तो पत्राखाली सही करताना. नाव वाचून भाडेकरू निघून गेला तर? रिकाम्या घरात घेणेकऱ्यांपैकी कुणी घुसलं, तर महाबळेश्वरात बसून मी काय करणार होते? पत्र पोस्टाने न टाकता मी स्वतःच निघाले. साताऱ्याला एसटी बदलली, आणि कऱ्हाड येईपर्यंत मनातल्या मनात भाडेकरूशी कडाक्याचं भांडून जिंकलेही.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थाने उघडलं. हेच भाडेकरू, गिरणीतून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मी उंबऱ्याबाहेरूनच पत्र पुढे केलं.

"मी घरमालकीण. खाली माझं नाव आहे, नीट वाचा. तुमचं डिपॉझिट मी देणं लागते, तसं लिहून देते. घर सोडायचं असेल तर आत्ताच सांगा."

माझा आवाज चढला होता. त्यांनी पत्र उघडलंसुद्धा नाही.

"आवं, आत तर या आधी," ते म्हणाले, आणि फळीवरून एक कागद काढून माझ्या हातात दिला. घरपट्टीचं बिल. त्यावर माझं नाव, आडनावासकट. "ह्या साली एजंट न्यायला आलाच न्हाई. दर साली तुमच्याच नावानं येतंय की. आमाला पैल्यापास्नं ठावं हाय."

"मग काही बोलला नाहीत?"

उत्तर त्यांच्या बायकोने दिलं, चहाचं आधण ठेवता ठेवता. "काय बोलणार, बाई? तीन सालात तुमी एकदा बी आला न्हाईसा. आमाला वाटलं, मालकीणबाईलाच आमचं तोंड बघायचं नसंल."

एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं जागच्या जागी विरली. लाज एजंटाची होती, आणि ती मी तीन वर्षं माझी म्हणून वागवली होती. तो चहा पिऊन मी डिपॉझिटची पावती करायला घेतली. पूर्ण नाव लिहिलं, आडनाव जरा मोठ्याच अक्षरात.