ताश्कंदवरचे दोन शेंगदाणे

मॉस्कोआत्यांच्या पोटात मत म्हणून राहत नसे. विचारलं तर त्या सांगायच्याच, पण न विचारलं तर जरा आधीच सांगायच्या. एका लग्नात पहिल्याच पंगतीला त्यांनी वधूपित्याला जवळ बोलावून, "हॉल छान घेतलात हो. आमटीत मात्र डाळीची नुसती आठवण आहे," असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, तर तोंड उघडून बसण्याआधी त्याच्या दवाखान्यातली बाकं कशी मांडायला हवीत ते त्याला समजावून आल्या. पुढच्या खेपेस बाकं तशी मांडलेली होती. खरी अडचण तीच होती. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असायचं.

मुलांनो, या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. तुमचे बाबा लहानपणी त्यांना मॉस्कोआत्या म्हणायचे, मग नारायण पेठेतली आमची सगळी गल्लीच म्हणू लागली. मी वन्सं म्हणायचे. तुम्हाला त्या आठवत असतील त्या कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या, खिडकीला पडदे लावा म्हणून तुमच्या आईला सात समुद्रांपलीकडून बजावणाऱ्या. पण त्या एका दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गप्प बसल्या होत्या, आणि तो दिवस मी पाहिला आहे. तो लिहायला बसले की अजून माझा हात भराभर चालतो.

वन्सं वकील होत्या. कायद्याची परीक्षा झाल्यावर त्या रशियन शिकल्या आणि मॉस्कोला जाऊन तिथला कायदा शिकून आल्या. पुण्याच्या कारखान्यांचा त्या देशाशी मोठा व्यापार होता, त्यामुळे करारांचं काम त्यांच्याकडे भरपूर असे. मग एके दिवशी तो देशच उरला नाही. आम्ही सगळे त्यांना धीर द्यायला गेलो, तर त्या नवीन रशियन कायद्याची पुस्तकं कुठून मागवायची याचा शोध घेत होत्या. "मी शिकलेला देश बंद पडला, सुधा. किती जणींच्या नशिबी येतं असं? आता पहिलीपासून सुरुवात." त्यांचे डोळे चमकत होते. पन्नाशी उलटली होती त्यांची.

लवाद म्हणजे काय, मध्यस्थी म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी त्यांचे इंग्रजी मसुदे टाइप करून द्यायचे. "हे बघ," त्या म्हणायच्या, "दोन देशांतले व्यापारी भांडले, की कोणाच्या कोर्टात जायचं? म्हणून दोघं मिळून पंच निवडतात. तो लवाद. तो निकाल देतो आणि निकाल मानावा लागतो. मध्यस्थीत निकाल कोणीच देत नाही. भांडणारेच भांडण मिटवतात, मध्यस्थ फक्त बसतो." मी म्हटलं, "वन्सं, फक्त बसायचं काम तुम्हाला जमेल?" त्यावर त्यांनी मला चहा टाकायला पाठवलं.

पुण्यात तेव्हा जिकडेतिकडे सॉफ्टवेअरच्या कंपन्या निघत होत्या. धायरीत महेश नावाच्या मुलाने एक छोटी कंपनी काढली होती. शेतकऱ्याच्या घरातला, इंजिनिअर झालेला. शीतगृहातलं तापमान आपोआप सांभाळणारा एक प्रोग्रॅम त्याने आणि त्याच्या मित्रांनी तयार केला होता. रशियातल्या एका शीतयंत्रं बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला आणि आपल्या यंत्रांसाठी त्यात पुष्कळ बदल करून मागितले. पुढे महेशने तोच सुधारलेला प्रोग्रॅम नाशिकच्या द्राक्षवाल्यांना दिला. रशियन म्हणाले, आमच्यासाठी केलेलं काम आमचं, ते तू कुणाला देऊ शकत नाहीस. महेश म्हणाला, मूळ माझं आहे. निकाल त्याच्या विरुद्ध गेला असता, तर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्याला स्वतःलाच वापरता आला नसता, आणि त्याच्याकडे दुसरं विकण्यासारखं काही नव्हतं.

करार रशियन कायद्याचा. आधी मध्यस्थी, ती फसली तर मॉस्कोत लवाद, असं त्यात लिहिलेलं. दोन्हीकडच्या वकिलांना मध्यस्थ म्हणून एकच नाव सुचलं. रशियन कंपनीचे संचालक गेन्नादी ल्वोविच पुण्याला, वन्संच्या घरी आले. (तिकडे माणसाला त्याच्या आणि वडिलांच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे शाळेत हजेरी घेतात तशी.) उंच, गंभीर गृहस्थ. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी पहिली गोष्ट सांगितली. त्या देशाच्या कायद्यात मध्यस्थाला स्वतःहून तोडगा सुचवता येत नाही. दोन्ही पक्षांनी मिळून परवानगी दिली तरच येतो. "मी ती देत नाही," ते म्हणाले. "आपण पुण्याच्या आहात. आपली सूचनाही पुण्याचीच असेल."

वन्संनी मान डोलावली. मी दारात उभी होते. हे मान डोलावणं त्यांना किती जड गेलं असेल, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मग त्यांनी दोघांना वेगळं बसवलं. गेन्नादी ल्वोविच बाहेरच्या खोलीत, महेश स्वयंपाकघरात. वन्सं आळीपाळीने दोघांकडे जाऊन ऐकायच्या. इथे दुसरा नियम होता: एकाने एकांतात सांगितलेलं त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगायचं नाही. हा नियम मलाही लागू होता. नंतर त्या दोघांनीच हे सारं आपापल्या लोकांना हसत हसत सांगितलं, म्हणून तर मी आज लिहिते आहे.

गेन्नादी ल्वोविचना द्राक्षांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना भीती एवढीच होती, की महेश उद्या हाच प्रोग्रॅम त्यांच्या तिकडच्या प्रतिस्पर्ध्याला देईल. "हे त्याला सांगू?" वन्संनी विचारलं. "मुळीच नाही. घाबरलो आहे असं वाटेल." स्वयंपाकघरात महेश म्हणाला, "मॅडम, मला त्यांच्या देशात कुणाला काय विकायचंय? तिथलं मला हाय काय ठाऊक? मला आपलं इथलं इथं करू द्या." "हे त्यांना सांगू?" "नको नको. आधीच सोडलं तर ते आणखी मागतील."

म्हणजे उत्तर दोन खोल्यांत अर्धं अर्धं पडलेलं होतं, मध्ये पाच पावलांचा बोळ होता, आणि त्या बोळात आमच्या वन्सं उभ्या होत्या. ओठ आवळलेले. मला म्हणाल्या, "सुधा, पाणी दे." प्यायल्या. "अजून दे."

जेवणं झाली. खोल्यांतल्या चकरा पुन्हा सुरू झाल्या. दोघंही तसूभर हलेनात. आता मॉस्कोच्या लवादातच भेटू, असा निरोप गेन्नादी ल्वोविचनी महेशला पाठवला. महेश हबकला, कारण तिथवर जाऊन लढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

तेव्हा वन्सं उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा काढून टेबलावर पसरला. जुना, त्या शिकत होत्या तेव्हाचा. मग फडताळातून शेंगदाण्यांचा डबा काढला. सालं काढलेले दाणे महेशपुढे ठेवले, सालासकट दाणे गेन्नादी ल्वोविचपुढे. दोघांनाही समोरासमोर बसवलं.

"मी काही सुचवत नाही," त्या आधी रशियनमध्ये आणि मग मराठीत म्हणाल्या. "एक प्रश्न विचारते. येत्या काही वर्षांत कुठे कुठे विकायचं मनात आहे? ज्याने त्याने आपले दाणे मांडा."

महेशने नाशिकवर दाणा ठेवला. सांगलीला. मग धीर करून कोलंबोला, नैरोबीला. गेन्नादी ल्वोविचनी मॉस्को, कझान, मिन्स्क असं करत आपला प्रदेश भरला. नकाशावर वरचे दाणे लालसर, खालचे पांढरे. महेशचा एकही दाणा वर गेला नव्हता. गेन्नादी ल्वोविचचे खांदे सैल झालेले मी पाहिले. ते दोघांच्या दाण्यांमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागेकडे बघत होते.

आणि मग महेशने आणखी एक दाणा उचलला आणि ताश्कंदवर ठेवला. तिथे फळं खूप पिकतात म्हणे. ताश्कंदवर गेन्नादी ल्वोविचचा दाणा आधीच होता.

खोलीत एकदम ताण आला. आपला दाणा उचलायला दोघंही तयार नव्हते. शेवटी गेन्नादी ल्वोविच म्हणाले, "मी परवानगी देतो. आपणच सांगा काय करायचं." वन्संनी ते मराठीत सांगितल्यावर महेशही म्हणाला, "हां मॅडम, माझीपण परवानगी. तुम्हीच सांगा."

मुलांनो, उभ्या आयुष्यात विनापरवाना मतं दिलेल्या बाईला दोन देशांनी मिळून रीतसर परवानगी दिली होती. मी टाइपरायटर सोडून पुढे आले. वन्संनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही. मी सांगितलं तर ते माझं होईल. उद्या बिनसलं, की म्हणाल, त्या म्हातारीने सांगितलं होतं. इथवर आलात ना आपल्या पायांनी? मग आणखी एक पाऊल चाला."

गेन्नादी ल्वोविचनी ताश्कंदवरचा आपला दाणा उचलला, बोटांनी चुरून साल काढलं, दाण्याच्या दोन पाकळ्या केल्या. एक पाकळी पुन्हा ताश्कंदवर ठेवली. दुसरी महेशच्या तळहातावर ठेवली. महेशने आपला दाणा तसाच केला.

ताश्कंदला दोघांनी मिळून विकायचं, बाकी ज्याचं त्याने. संध्याकाळच्या आत मी मसुदा टाइप केला. घाईघाईत एक पान दोनदा करावं लागलं. प्रोग्रॅम महेशकडे राहिला. पाहुणे गेल्यावर वन्सं खुर्चीत टेकल्या आणि रात्रीच्या जेवणापर्यंत अखंड बोलल्या: महेशचे बूट, गेन्नादी ल्वोविचचा टाय, माझे पोहे, सगळं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वन्सं जाऊन काही वर्षं झाली. ताश्कंदचं काम वाढलं, आणि काम वाढलं तसं त्या दोघांचं मध्यंतरी पुन्हा वाजलं. एका सकाळी महेशचा फोन आला. गेन्नादी ल्वोविचही दुसऱ्या टोकाला होते, आता दोघंही मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात. "काकू, आत्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मला माझं मत होतं. चांगलं स्पष्ट होतं. मी म्हटलं, "काहीच म्हणाल्या नसत्या. तुम्ही बोला, मी ऐकते आहे."

ते बोलू लागले. आधी माझ्याशी, मग एकमेकांशी. थोड्या वेळाने मी तिथे आहे हे ते पार विसरून गेले, आणि मी फोन कानाला तसाच धरून, ओठ आवळून बसून राहिले.