भोकाचा रुपया

वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडजवळचा पंक्चरवाला दिवसभर ट्यूबची भोकं बुजवतो आणि जुनी नाणी जमवताना मात्र भोक पाडलेलीच शोधतो. इतर शौकीन अशा नाण्यांना हातही लावत नाहीत.

"बिनभोकाचं नाणं पेटीत पडून राह्यलं, भाऊ. भोकाचं कोण्या बाईच्या गळ्यात वाजलं," ट्यूब पाण्यात बुडवत तो सांगतो.

परवा पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेली एक बंजारा म्हातारी लेकाच्या गाडीत हवा भरायला थांबली. तिच्या नाण्यांच्या माळेतलं एक नाणं गळालं होतं. यानं नाण्यांचा डबा उघडला, सगळ्यात लाडका चांदीचा रुपया काढला आणि स्वतः ओवून दिला. म्हातारीनं माळ गळ्यात घालून खुशीत मान हलवली.

"तुमचा एक कमी झाला की!" मी म्हणालो.

"कमी कायले होईन? आयका ना, कसा वाजून राह्यला!"